भिंतीवरची बुरशी : तपासणी कशाची करावी?

पावसाळ्यात भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळे-हिरवे डाग पडतात, कुबट वास येतो. ही बुरशी. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत गेले की शिंका, खोकला सुरू होतो; दमेकऱ्याला धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेतही ओलसर घर आणि दमा यांचा संबंध नोंदवला आहे. लहान मुले, वृद्ध आणि पूर्वी टीबी झालेल्यांना विशेष जपावे.

बुरशी कोणत्या जातीची, हे पैसे देऊन तपासून घेण्याची सहसा गरज नसते. शोधायची ती ओल. भिंत पुसून कोरडी करा. फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. २ दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या मागे पाणी दिसले, तर भिंतीत पाणी मुरते आहे. गळती बंद करा. वरच्या बाजूला दिसले, तर घरातली वाफ साचते आहे. स्वयंपाक करताना आणि घरात कपडे वाळत घातल्यावर खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा.

तोंडाला मास्क लावून डाग साबणाच्या पाण्याने घासा, भिंत पूर्ण वाळू द्या. नुसता वरून रंग मारल्याने बुरशी जात नाही. ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका; विषारी वायू तयार होतो.

खोकला २ आठवड्यांहून जास्त राहिला, तर ओलीला दोष देत थांबू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. ती आधी करून घ्या.