वायर नीट, तर आवाज नीट

बापू, पहूर हे चौफुलीचं गाव. जळगाव, संभाजीनगर, जामनेर, शेंदुर्णी, चहूकडच्या गाड्या इथून जातात. त्यांत टेप बसवायचं काम अंगावर घेतोस, तर एवढं ध्यानात ठेव: गिऱ्हाईक स्पीकर बघतं, आपण आधी वायर बघायची.

बॅटरीचं निगेटिव्ह काढल्याशिवाय कशाला हात लावू नको.

घरात 230 व्होल्ट, गाडीत 12. घरात 360 वॉटला दीड अँपिअर पुरतो, गाडीत तेवढ्यालाच 30 लागतात. म्हणून अँप्लिफायरची वायर जाड, तांब्याची आणि थेट बॅटरीवरून घ्यावी.

फ्यूज बॅटरीपासून वीतभरावरच बसव. तो वायरीला जपतो. पत्र्याला घासून वायर उघडी पडली, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी पेटते; डिक्कीतला फ्यूज तिथं काय करणार? वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबर घाल. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी तार कधीच गुंडाळू नये.

अर्थ देताना रंग खरवडून चकचकीत पत्रा काढ, मग बोल्ट आवळ. रेस दिली की स्पीकरात शिट्टी चढते, ती अल्टरनेटरची. आधी अर्थ तपास. सिग्नलची वायर गाडीच्या एका बाजूनं ने, बॅटरीची दुसऱ्या.

टेपची पिवळी वायर कायम चालू, लाल चावीवर, काळी अर्थ. चावी काढल्यावर टेप स्टेशनं विसरला, तर पिवळी बघ. लालही थेट बॅटरीला जोडलीस, तर टेप चालूच राहील आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल.

स्पीकरची खूण पुसली असेल, तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. पडदा बाहेर आला, तर सेलचं प्लस तेच स्पीकरचं प्लस. दोनपैकी एक उलटा लागला की बास मरतो, आणि गिऱ्हाईक उगाच वूफर घ्यायला धावतं.

चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की दोनच ओहम उरतात. अँप्लिफायरवर तेवढं लिहिलेलं असेल तरच जोड. आणि आवाज फाटायला लागला की मागं ये. फाटक्या आवाजानंच स्पीकरची कॉइल जळते.

शेवटी अर्धा तास वाजवून प्रत्येक जोडावर बोट ठेव. गरम लागला तो जोड खोलून पुन्हा कर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडी आधीच भट्टीसारखी तापते. ढिला जोड तिथं टिकत नाही. ही तपासणी झाल्याशिवाय चावी गिऱ्हाईकाच्या हातात देऊ नको.