टाकीऐवजी नळी

स्कॉटलंडमधील आर्डीअर येथे आल्फ्रेड नोबेल यांच्या स्फोटकांच्या कारखान्यात एका कामगाराला बसायला एकाच पायाचे स्टूल देत असत. तापमापकावरची नजर हलवायची नाही, हेच त्याचे काम. डुलकी लागली की तो स्टुलासकट खाली! त्याच्यासमोरच्या टाकीत नायट्रिक व सल्फ्यूरिक आम्लांच्या मिश्रणात ग्लिसरिन मिसळून नायट्रोग्लिसरिन तयार होई. ही अभिक्रिया उष्मादायी आहे. उष्णता वेळीच काढून घेतली नाही तर अभिक्रियेचा वेग वाढतो, त्यामुळे आणखी उष्णता निर्माण होते आणि शेवटी स्फोट होतो. 1864 साली स्टॉकहोममधील अशाच एका स्फोटात नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला. तो अवघा 20 वर्षांचा होता.

कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, हे तुम्ही रोज पाहता. तोच न्याय येथे लावू. 1 मीटर बाजूच्या घनाकृती टाकीत 1 घनमीटर द्रव मावतो आणि तिचे पृष्ठफळ भरते 6 चौरस मीटर. तेवढाच द्रव 1 मिलिमीटर व्यासाच्या नळीत भरला तर? नळी सुमारे 1,273 किलोमीटर लांब लागेल (पडताळून पाहा!), पण तिच्या भिंतीचे क्षेत्रफळ होईल 4,000 चौरस मीटर. अशी नळी थंड पाण्यात ठेवली, की उष्णता निर्माण होता होताच निघून जाते.

प्रत्यक्षात एवढी लांब नळी कोणी घेत नाही. सूक्ष्म-अभिक्रियकात दोन पंप दोन द्रव सतत एका बारीक नळीत ढकलतात आणि दुसऱ्या टोकाने तयार पदार्थ बाहेर पडत राहतो. नळीत 5 मिलिलिटर द्रव मावत असेल आणि मिनिटाला 1 मिलिलिटर वाहत असेल, तर प्रत्येक थेंबाला आत 5 मिनिटे मिळतात. मोठ्या टाकीत काही भाग जास्त तापतो, काही जास्त वेळ राहतो, आणि नको असलेले पदार्थ तयार होतात. ते वेगळे करायला विद्रावक खर्ची पडतो व सांडपाणी वाढते. नळीत हे पुष्कळ टळते. शिवाय काही बिघडलेच, तर धोक्यात असते ते चमचाभर रसायन.

द्रव एकमेकांत मिसळतातही लवकर. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर दहापट कमी केले तर वेळ शंभरपट कमी होतो.

उत्पादन वाढवायचे तर नळी जाड करून चालत नाही, सगळा फायदाच जातो. म्हणून शक्यतो नळ्यांची संख्या वाढवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा अभिक्रियकांवर संशोधन होते. मात्र ज्या अभिक्रियेत घट्ट साका तयार होतो, तेथे ही नळी स्वयंपाकघरातल्या मोरीसारखी तुंबते. तेथे अजून टाकीच बरी.