यादीची पारख : ‘सर्व’ आणि ‘एखादा तरी’

एखाद्या गावातील पिण्याच्या पाण्याच्या १२ स्रोतांची तपासणी झाली आणि प्रत्येकातील नायट्रेटचे प्रमाण यादीत नोंदले गेले, असे समजू. भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. १०५०० या मानकानुसार हे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. यादी हाती येताच दोन प्रश्न उभे राहतात. सर्व स्रोत मर्यादेत आहेत काय? आणि एखादा तरी मर्यादेबाहेर आहे काय?

हेच प्रश्न संगणकाला विचारण्याची पूर्वापार रीत लांबलचक आहे. निष्कर्षाची खूण आधी मांडून ठेवावयाची, एकेक आकडा घेऊन तुलना करावयाची आणि मर्यादा ओलांडली गेल्यास खूण बदलावयाची. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पायथन’ या भाषेत हे काम एका ओळीत होते. २००६ मधील तिच्या २.५ या आवृत्तीत त्यासाठी ‘ऑल’ व ‘एनी’ अशी दोन साधने देण्यात आली. सर्व आकडे अटीत बसले तर ‘ऑल’चे उत्तर ‘सत्य’ येते. ‘एनी’ला मात्र एकच आकडा पुरतो.

उत्तर निश्चित होताच दोन्ही साधने थांबतात. तिसऱ्याच स्रोतात ६० मिलिग्रॅम नायट्रेट आढळले, तर ‘ऑल’ लगेच ‘असत्य’ सांगते. उरलेले नऊ आकडे पाहिलेच जात नाहीत. श्रम वाचतात, परंतु दूषित स्रोत किती व कोणते, हे या उत्तरातून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र निवड करावी लागते.

खरी दक्षता पुढेच आहे. यादी रिकामी असेल, तर ‘ऑल’चे उत्तर ‘सत्य’ येते. तर्कदृष्ट्या ते योग्यच होय. कारण अपवाद म्हणून दाखविण्यासारखे तेथे काहीच नसते. व्यवहारात मात्र ज्या गावात एकही नमुना घेतला गेला नाही, ते गाव शुद्ध पाण्याचे ठरते. न तपासलेल्या स्रोतापुढे शून्य लिहिले असल्यास तेही मर्यादेतच मोजले जाते.

म्हणून नोंदींची संख्या स्रोतांच्या संख्येइतकी आहे काय आणि प्रत्येक नोंद प्रत्यक्ष तपासणीची आहे काय, हे प्रथम पाहावे; मगच ‘सर्व’ हा शब्द अहवालात लिहावा. यंत्र यादीची पारख करते. यादी पूर्ण असल्याची हमी माणसानेच द्यावयाची असते.