सह्याद्रीत हमिंगबर्ड दिसेल का?

प्रश्न : सह्याद्रीत वाटाड्या घेऊन दुर्मीळ हमिंगबर्डची छायाचित्रे टिपता येतील का? – एक वाचक, खराडी, पुणे

उत्तर : हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतात; पुण्यातील बागांत फुलांपाशी क्षणभर फडफडणारा पक्षी म्हणजे शिंजीर असून, तो बहुधा फांदीवर बसूनच मधुरस पितो. छायाचित्रणासाठी आंबोलीच्या जंगलातील किरमिजी पाठीचा छोटा शिंजीर निवडावा. जेमतेम ८ सेंमी लांबीचा हा पक्षी पश्चिम घाटाचा प्रदेशनिष्ठ, म्हणजे अन्यत्र न आढळणारा, रहिवासी आहे. जाणत्या स्थानिक वाटाड्यासह फुललेल्या झाडापासून अंतर राखून थांबावे. मात्र ध्वनिमुद्रित साद वाजवू नये आणि घरट्याचे छायाचित्रण कटाक्षाने टाळावे, कारण व्यत्ययामुळे मादी घरटे सोडून जाऊ शकते.