पाहुणा एक दिवस जास्त थांबला तर

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात ॲमेझॉन नदीतील बोटीचा प्रवास आणि इंका लोकांच्या माचू पिच्चूचे प्राचीन अवशेष एकाच सहलीत दाखवले जातात. जंगल एका टोकाला, अवशेष डोंगरात. पण जोडणी पक्की असल्याने पाहुणा जास्त दिवस राहतो, आणि तेथील विणकरांचे कापडही खपते.

माचू पिच्चू १९८३ साली जागतिक वारसा यादीत आले. त्याच वर्षी आपले अजिंठा व वेरूळही आले. म्हणजे आम्ही वारशात मागे नाही, जोडणीत मागे आहोत.

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. ज्याचे गणित चुकते, त्याचा एक दिवस रिकामा जातो. तो दिवस बीबी का मकबरा, पाणचक्की आणि हिमरूच्या मागासाठी मिळवावा. माग चालताना पाहिलेल्या गिऱ्हाइकाला हाताच्या कामाचा भाव पटवावा लागत नाही.

मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. गाइडची दलाली आधी उघड ठरवावी, गुपचूप किमतीवर चढवू नये. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकू नये. पारंपरिक हिमरूत उभा धागा सुती व आडवा रेशमी असतो. धागा वेगळा असेल तर तसे सांगावे. मालातील दोष लपवून विकणे शरीअतला मान्य नाही.

हिमरूचे हातमाग आता मोजकेच उरले आहेत. एका दुकानातील फसवणुकीने त्या सर्वांचा विश्वास जातो. बरकत खऱ्या मालातच आहे.