गाठीला चिरा देण्याआधी

धाकट्याच्या मानेवर गाठ आली ती रोवणीच्या दिवसांत. आमच्या साकोलीकडे तेव्हा कोणालाच सवड नसते. ताप नाही, दुखत नाही, पोरगं खेळतंय. जवळच्या दवाखान्यात दाखवलं. ‘गळू पिकलंय’ म्हणत डॉक्टरांनी तिथंच चिरा दिला. ती जखम दिवाळी आली तरी वाहतच होती. भंडाऱ्याला नेल्यावर कळलं, टीबीची गाठ. जुनी माणसं गंडमाळ म्हणतात तीच. ही गाठ आतून पू धरते, पण हाताला गरम लागत नाही आणि चिरली की तोंड लवकर बुजत नाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी सांगितली. मामाजी अडून बसले, “सोनोग्राफी पोटुशी बाईची असते, पोराची कायची?” दारावर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी, बाहेर बाकावर सगळ्या बायाच, मामाजींना तरी दुसरं काय वाटणार? आत मात्र थोडक्यात काम झालं. खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकली, गार जेल लावलं आणि एक लहानसं चपटं यंत्र मानेवरून फिरवलं. सुई नाही, एक्स-रेचे किरण नाहीत, उपाशी ठेवायची गरज नाही. पोराला गुदगुल्याच झाल्या.

सर्दी-पडशानं सुजलेली साधी गाठ पडद्यावर वालाच्या दाण्यासारखी लांबट दिसते, मधोमध पांढरट पट्टा असतो आणि रक्त तिथूनच आत शिरतं. आमच्याच्या गाठी गोल होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, पट्टा नाहीसा झालेला, एकीत पू. तरी डॉक्टर म्हणाले, यावरून संशय बळावतो, निदान होत नाही. लिम्फोमा या कॅन्सरमध्येही गाठ गोल होते, पट्टा जातो. म्हणून सुईनं नमुना काढून सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला पाठवला, तेव्हा टीबी पक्का झाला.

तेव्हा रिपोर्टातले सेंटीमीटर वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. गाठ लांबट आहे की गोल, मधला पट्टा आहे का, आत पू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. सोनोग्राफी प्रत्येक गाठीला लागतेच असंही नाही. घसा, किडका दात, डोक्यातल्या उवा नि फोड, यांनीही मानेत गाठी येतात. सेंटीमीटरच्या आतली, बोटाखाली सरकणारी गाठ डॉक्टरांना दाखवून दोन-तीन आठवडे पाहता येते. पण वाढतच असेल, दगडासारखी कडक असेल, ताप येऊन वजन उतरत असेल, किंवा कॉलरबोनच्या वर असेल, मग ती कितीही लहान असो, थांबू नका. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. आणि निदान होईपर्यंत सूज उतरवायला म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या नकोत. गाठ तात्पुरती बसते, कॅन्सर असला तर लपतो.

टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधारण ६ महिने. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही खात्यात येतात. औषध सुरू असताना गाठ मधेच फुगली, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “लागू नाही पडलं, बंद करा.” असं होऊ शकतं हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं, पोराला दाखवून आणलं, गोळ्या चालूच ठेवल्या. कोर्स संपल्यावरही बारीक गाठ हाताला लागू शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिच्यासाठी दर महिन्याला सोनोग्राफीचे पैसे घालू नका, पोराचं वजन वाढतंय का ते पाहा.