माप घेण्याआधी

खोपोलीच्या शिळफाट्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. छातीचं माप घेताना बाई श्वास रोखते आणि टेप सुटली की सोडते, हे मला न बघता कळतं. त्यामुळे २०१८ साली उजवी बाजू पूर्ण काढायची ठरली, तेव्हा पहिला विचार आला तो कटोरीचा. आता ती बसायची कशी? कॅन्सरची भीती नंतर आली, परतीच्या खोपोली लोकलमध्ये, पळसदरीच्या आसपास.

मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात सांगितलं, काढतानाच सिलिकॉन बसवू, एकाच भुलीत दोन्ही कामं होतील. मी एवढंच विचारलं, “दोन्ही बाजू सारख्या दिसतील ना?” डॉक्टर म्हणाले, “कपड्यांत कुणाला कळणार नाही.” मी सही केली. गिऱ्हाईक साधा सुती ब्लाउजपीस घेऊन आलं तरी मी विचारते, धुतलंय का, आटेल का, अस्तर कुठलं. स्वतःच्या अंगात वस्तू घालताना मात्र तेवढंही विचारलं नाही.

काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आल्यावर लाईट द्यायची ठरली. रेडिएशनला आम्ही लाईटच म्हणतो. सिलिकॉनभोवती शरीर स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं, ते सगळ्यांच्याच अंगात होतं. लाईट बसली की ते आक्रसून घट्ट होण्याचा धोका बराच वाढतो. वर्षभरात माझी उजवी बाजू करवंटीसारखी कडक होऊन वर सरकली. आटलेलं अस्तर वरच्या कापडाला ओढून धरतं ना, अगदी तसं.

पुढची चूक माझी. २०२०च्या जानेवारीत ताण फार दुखायला लागला, म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपले. स्तन काढताना कातडीकडे जाणाऱ्या नसा तुटतात, त्यामुळे तिथे चटका नीट कळत नाही. सकाळी बघते तर फोड. पुढे जखम उघडली, पू झाला आणि सिलिकॉन काढावं लागलं. पिशवी, शेकपट्टी, वाफ, धुरी यांतलं काहीही त्या बाजूला लावू नका. घरी सोडताना हे कुणी कागदावर लिहून दिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून आता दुकानात कुणी पडदा ओढून हळू आवाजात बोलायला लागली की मी आधी विचारते, सगळं काढायची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारलंस का? गाठ लहान असेल तर पुष्कळदा तेवढाच भाग काढून लाईट देतात. सगळं काढायचंच असेल, तर नंतर लाईट लागण्याची शक्यता किती, ते विचारायचं. ते नक्की सांगता येत नसेल तर नवी बाजू करायची घाई नको, ती वर्ष-दोन वर्षांनीही करता येते. काही ठिकाणी आधी फुगा ठेवतात आणि सुईने थोडं थोडं सलाईन भरत कातडी सैल करतात. त्या प्रत्येक भरणीला एक फेरी पडते. परळच्या टाटाला किंवा खारघरच्या त्यांच्या केंद्रात जाणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना विचारा, फेऱ्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो.

सिलिकॉन जन्मभराचं नसतं. पाच-सहा वर्षांनी पहिली तपासणी, मग दर दोन-तीन वर्षांनी, सोनोग्राफी किंवा एमआरआय, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला आहे. २०१९च्या जुलैत अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची आपली इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. त्यांचा संबंध लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मिळ प्रकाराशी दिसला होता. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या अंगात कुठलं आहे हेच मला ठाऊक नव्हतं. कंपनी, प्रकार आणि नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, मंगळसूत्राच्या पावतीसारखं जपा.

दुसरा रस्ता स्वतःच्याच अंगातलं कापड वापरायचा. पाठीचा स्नायू कातडीसकट, त्याची रक्तवाहिनी न तोडता, काखेखालून पुढे फिरवतात. या युक्तीची जुनी गोष्ट आपल्या पुण्याकडची आहे. इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी देठासकट फिरवून नवं केलं होतं, आणि १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आलं. देठ शाबूत ठेवायचा, ही अक्कल कुणा जुन्या शिंप्याचीच वाटते मला! पोटाची कातडी आणि चरबी घेतात तेव्हा मात्र देठ कापून बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीत जोडतात. ऑपरेशन सहा-आठ तास चालतं, आणि सुरुवातीला तासातासाला रक्त पोचतंय का ते बघतात.

सिलिकॉन निघाल्यावर हेच विचारायला मी एका प्लास्टिक सर्जनबाईंकडे गेले. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवून विचारलं, “ताई, मशेरी लावता?” मी मान खाली घातली. मशेरीला आपण तंबाखू धरतच नाही, म्हणून फॉर्मवर ‘व्यसन नाही’ लिहून मोकळ्या होतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सरकवलेला भाग काळा पडू शकतो. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी मशेरी बंद हवी, आणि नंतरही.

विमा असेल तर एक सांगते. ‘प्लास्टिक सर्जरी आहे, क्लेम बसत नाही’ असं म्हणाले तर पॉलिसीतलं सौंदर्यशस्त्रक्रियेचं कलम उघडा, एक्सक्लुजन ०८. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्या बंदीत येत नाही. तेच वाक्य बोट ठेवून दाखवा.

मी पुन्हा ऑपरेशन केलं नाही. पाठीचा स्नायू ओढाढकलीच्या कामात लागतो, माझं पोट शिलाई मशीनवर चालतं आणि आणखी भूल नको होती. कर्जतच्या एका गिऱ्हाइकाने पोटाचं करून घेतलं. तिचा प्रिन्सेस कट मीच शिवला, छान बसला. मी ब्लाउजच्या अस्तराला आतून खिसा शिवते. नुसता कापूस भरला तर वजन नसल्याने ती बाजू वर सरकते आणि खांदा वाकडा पडतो, म्हणून पहिल्या वर्षी कापसात मोहरी भरली. खोपोलीच्या पावसात तिला मोड आले. आता प्लास्टिकचे मणी भरते.